आमची वाटचाल : कारखान्याचा हिशेब मुलांसमोर

उसाच्या पाण्यासाठी ऑइल इंजिनं लागू लागली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामं वाढली. मग फाउंड्र्या, म्हणजे धातूचे भाग ओतणारे कारखाने आले, शिरोली-गोकुळ शिरगावला एमआयडीसी झाली. आमचं जॉबवर्कचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर मजुरीनं काम करायचं युनिट त्याच वाटेनं गेलं : आधी पट्ट्यावरचा लेथ (धातू फिरवत कापायचं यंत्र), मग गिअर हेडचा, आता संगणकावर चालणारं सीएनसी. लेथच्या काळात दिवसाला किती नग निघाले एवढं सांगितलं की पोरांना धंदा कळायचा. सीएनसीवर तेवढ्यानं भागत नाही. यंत्र बँकेच्या कर्जाचं, त्यात बसलेलं कास्टिंग (ओतीव भाग) गिऱ्हाइकाचं. आपलं काय ते कागद मांडल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून आठवी-नववीतल्या मुलांपुढे, आमच्या आणि कामगारांच्याही, यंत्राचा तासाचा दर काढतो. नमुन्याचे आकडे असे : महिन्याचा हप्ता 32 हजार, ऑपरेटर 20, वीज 10, इन्सर्ट (कापायची टोकं), कूलंट, ऑइल मिळून 9, भाडं 8, दुरुस्ती-तपासणी-वाहतूक 11. झाले 90 हजार. आता तास किती? मुलं हटकून 25 दिवस गुणिले 8, म्हणजे 200 म्हणतात. दर आला 450 रुपये. तासाला 20 नग निघत असतील तर नगाला साडेबावीस. वर अडीच रुपये नफा धरून 25 चं कोटेशन.

गोची इथंच आहे. सेटिंग (नव्या कामासाठी यंत्र जुळवणं), वीज जाणं, माल वेळेवर न येणं हे सगळं वजा जाता यंत्र 160 तासच चालतं. नग 3,200, बिल 80 हजार, खर्च 90 हजार. महिनाभर राबूनही महिन्याला 10 हजारांचा खड्डा. भाव पाडून काम घेणारे बरेचसे याच गुणाकारात फसलेले असतात. मुलांना हा आकडा स्वतः काढू द्यावा, आपण सांगू नये.

दुसरा धडा रिजेक्शनच्या खोक्यातला. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास 25.00 मिमी, वर शून्य, खाली 0.02, म्हणजे 24.98 ते 25.00 चालतं. पोराच्या हातात मायक्रोमीटर द्यायचा. व्हर्नियर नको, त्याचं लघुत्तम मापच 0.02 असतं. रॅचेट तीनदा टकटक वाजेपर्यंत फिरवायची, वाचन 24.96. डोळ्याला नग चकाचक दिसतो, पण गेला. 25.03 असता तर आणखी एक कट मारून वाचला असता; बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला नेमकं उलट, तिथं मोठं झालं की संपलं. 100 नगांत असे 5 गेले तर मजुरीचे 125 बुडाले, शिवाय 150 रुपयांचं कास्टिंग धरून 750 ची डेबिट नोट, म्हणजे गिऱ्हाइक तेवढे बिलातून कापतं. 2,500 च्या बिलाचे हातात 1,625. ‘लक्ष देऊन काम कर’ असं शंभरदा म्हणण्यापेक्षा हे बरं. बाकी 18 पूर्ण होईपर्यंत चालू यंत्राला हात लावायचा नाही, सुट्टीत मदतीला आलं तरी नाही.

उधारीचं बोलणं आम्ही दहावीपर्यंत लांबवतो. बिल गेलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला जीएसटी भरायचा, गिऱ्हाइकानं पैसे दिलेले असोत वा नसोत. कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तर जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं, करार नसेल तर 15. प्रत्यक्षात 90 दिवस फोन करावे लागतात. ‘यंदा सहल नाही’ एवढंच ऐकलं की मूल ‘धंदा बुडाला’ असं समजतं. पैसे अडकलेत आणि पैसे गेलेत, यांतला फरक येणं-देणं वही उघडूनच दाखवावा.

सुट्टीत चलनं (मालासोबतच्या पावत्या) लावणं, एक्सेलमध्ये नोंदी करणं अशा टेबलावरच्या कामाला ठरावीक पैसे द्यावेत, आणि ते मुलाच्याच खात्यात. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं. स्वतःच्या मेहनतीची कमाई करासाठी त्याचीच धरतात. त्यावरचं व्याज मात्र आईबापांच्या उत्पन्नात जातं.

करिअरबद्दल दोन वाक्यं आमच्याकडे बंद आहेत. ‘आमच्यासारखे हात काळे करू नकोस’ आणि ‘हे सगळं तुझ्यासाठीच उभं केलंय’. पहिल्यानं ऑपरेटरच्या मुलाला बापाची लाज वाटायला लागते, दुसऱ्यानं मालकाच्या मुलीला नाही म्हणता येत नाही. त्याऐवजी वाटा सांगाव्यात. आयटीआयचा टर्नर, फिटर, मशिनिस्ट दोन वर्षांचा, वेल्डर एका वर्षाचा. दहावीनंतर डिप्लोमा तीन वर्षं. आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या आणि डिप्लोमावाल्याला डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय असते. कॉमर्स घेतलं तरी कोटेशन करायला माणूस लागतोच, आणि तो सहजी मिळत नाही.

शेवटी कागदाचं. कर वाचवायला भागीदारी फर्ममध्ये अल्पवयीन मुलाचं नाव घालायचा सल्ला कुणीतरी देतंच. त्याला फक्त फायद्यापुरतं घेता येतं. 18 पूर्ण झाल्यावर, आणि नाव घातल्याचं नंतर कळलं तर तेव्हापासून, सहा महिन्यांत जाहीर नोटीस देऊन ‘भागीदार व्हायचं नाही’ असं कळवलं नाही, तर तो आपोआप भागीदार होतो. नाव घातलं त्या दिवसापासूनच्या देण्यांची जबाबदारीही त्याच्यावर येते. त्यामुळे फर्ममध्ये नाव असलेल्या मुलाला सतराव्या वर्षीच ताळेबंद, कर्जाचा शिल्लक आकडा आणि करारपत्र दाखवावं, आणि नोटिशीचा मसुदा वकिलाकडून तयार करून ठेवावा.