तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी मोठी रायफल, आणि दारू अर्धीच?

मी अलास्कात, अँकरेजला राहते. दिवसा फार्मसीत असते आणि हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरते, म्हणजे रिकाम्या पुंगळ्यांत दारू आणि गोळी घालून ती पुन्हा तयार करते. आमच्या सांगलीकडच्या मंडळींना यातलं पहिलं वाक्य कळतं, दुसरं ऐकून ती विषय बदलतात. बंदुकांची आवड असलेले मात्र, इथले काय नि भारतातले काय, सगळे एकच विचारतात: ‘.375 मॅग्नमसारखी दणकट रायफल घ्यायची आणि तिच्यात निम्म्या ताकदीची काडतुसं घालून उडवायची, हा काय प्रकार? त्यापेक्षा लहान रायफलच घ्यायची की.’

लहान रायफलही आहे घरात. पण शिकारीला जाते ती ही. तिचं काडतूस लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक कंपनीने 1912 साली काढलेलं. 300 ग्रेनची, म्हणजे 19 ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला सुमारे 2,500 फूट वेगाने जाते. खरं सांगायचं तर मूससाठी, म्हणजे इथल्या प्रचंड हरणासाठी, एवढ्याची गरज नाही, .30-06 या नेहमीच्या शिकारी काडतुसाने वर्षानुवर्षं इथल्या लोकांचे फ्रीझर भरले आहेत. पण मूस पडला की चार-पाच तास तिथेच वाकून मांस काढावं लागतं, कारण खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. आणि त्या वासावर अस्वल येऊ शकतं. म्हणून ही जड रायफल, नवऱ्याने घेतलेली आणि आता दोघांची.

तिचा धक्का मात्र सोसावा लागतो. नऊ पौंडांच्या रायफलीत हे काडतूस साधारण 37 फूट-पौंडांचा धक्का देतं, .30-06 चा साधारण 20 असतो. टेबलावर टेकून बसलं तर तो जास्तच लागतो, कारण उभ्या माणसासारखं अंग मागे झुलत नाही, सगळं खांद्यावरच येतं. पाच-सहा गोळ्यांनंतर खांदा दुखायला लागतो, पण माझी तक्रार खांद्याबद्दल नाही. खांदा दोन दिवसांत बरा होतो. बिघडतं ते बोट आणि डोळा. आता धक्का बसणार हे शरीराला कळलेलं असतं, त्यामुळे चाप सुटायच्या ऐन क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो, नळीचं तोंड खाली जातं. इथे त्याला ‘फ्लिंच’ म्हणतात. गंमत अशी की ज्याचं होतं त्याला ते कधीच कळत नाही, कारण रायफलीच्या उसळीत सगळं झाकून जातं.

ते पकडायचा एक साधा उपाय आहे. मॅगझीनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं पोकळ, बिनदारूचं काडतूस दुसऱ्या कुणीतरी मिसळून द्यायचं. ते कधी येणार हे नेम धरणाऱ्याला माहीत नसतं. ते आलं की बार होत नाही, नुसतं ‘टिक्’ होतं, आणि धक्काबिक्का काही नसताना नळी चांगली दोन बोटं खाली डुबकी मारते. शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसते. भलेभले धिप्पाड लोक त्या क्षणी गोरेमोरे होतात.

ही खोड पूर्ण ताकदीची काडतुसं आणखी उडवून जात नाही, उलट पक्की होते. म्हणून हलकी काडतुसं. लहानशा .22 रायफलीवर सराव करायला हरकत नाही, मीही करते, पण तिचा चाप वेगळा, वजन वेगळं, दस्ता गालाला वेगळा लागतो. आणि .375 चा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारी सरकती दांडी, लांब असतो. तो पूर्ण मागे ओढला नाही तर पुढचं काडतूस उचललंच जात नाही, नळीत रिकामं घर राहतं. समोर अस्वल असताना ही गोष्ट कळून उपयोग नाही. हा हात याच बोल्टवर बसायला हवा, आणि तो बसवायला पुष्कळ बार करावे लागतात. दुकानातलं वीस काडतुसांचं खोकं सहज ऐंशी-शंभर डॉलरचं असतं, तेव्हा खिशाचाही प्रश्न आहेच, पण तो माझ्या लेखी दुय्यम.

धक्का कमी होतो तो कसा, तेही सांगते. गोळी आणि दारूचे वायू जितक्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते, आणि तिची ऊर्जा त्या संवेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे संवेग निम्मा केला की धक्का निम्मा नाही, पावपट होतो. थोडी हलकी गोळी 1,500 फुटांच्या आसपास नेली की माझी .375 खांद्याला हरणाच्या शिकारीच्या हलक्या .243 रायफलीइतकीच लागते. मग दुपारभर उभ्याने, गुडघ्यावर, झाडाला टेकून सराव होतो.

आता खरी गोष्ट. हे सगळं ऐकून लोकांना वाटतं, कमी दारू म्हणजे कमी धोका. मिठासारखी, थोडी कमी पडली तर काय बिघडलं? बिघडतं, आणि फार वाईट बिघडतं.

.375 च्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, सत्तर-पंचाहत्तर ग्रेन दारू आरामात मावते. तिच्यात जलद जळणारी दारू चमचाभरच घातली तर ती तळाशी कुठेतरी पडून राहते. चुकून दुसऱ्यांदा घातली तरी बाहेरून काही कळत नाही. दुप्पट माप उडालं तर रायफल फुटते, आणि ती चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते. उलट फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. ते लक्षात आलं नाही आणि मागून दुसरी सोडली, तर नळी फुगते किंवा फाटते. तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. मॅग्नम काडतुसांसाठी असलेली मंद जळणारी दारू कंपनीच्या पुस्तकातल्या किमान मापाच्याही खाली आणली, तर दाब कमी व्हायच्या ऐवजी एकदम भडकून रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत. नेमकं कसं होतं यावर जाणकारांत अजून वाद आहेत, पण दारू बनवणारे एकमुखाने सांगतात की किमान मापाखाली जाऊ नका.

मग हलकं काडतूस भरायचं कसं? त्याच कामासाठी तपासून पाहिलेली दारू घेऊन. हॉजडन कंपनीची एच 4895 ही अशी एक. तिच्या कमाल मापाच्या 60 टक्क्यांपर्यंत खाली येता येतं, असं कंपनी स्वतः छापून सांगते. हा नियम त्या एका दारूपुरता आहे. शेजारच्या डब्यातल्या दारूला तो लावला तर काय होईल ते वर लिहिलंच आहे. दुसरी होती ट्रेल बॉस: कमी दाबाच्या काडतुसांसाठी केलेली, मधे भोक असलेल्या बारीक चकत्यांची. वजनाला हलकी पण जागा भरपूर घेणारी, त्यामुळे माप चुकून दोनदा पडलं तर पुंगळी भरून ओसंडते आणि चूक डोळ्यांना दिसते. मात्र ती गोळीखाली दाबून बसवायची नाही. गेली काही वर्षं ती मिळेनाशी झाली आहे, आणि जुने डबे लोक वाट्टेल त्या भावाने विकतात. मी त्या भावाला घेत नाही.

ग्रेन हे माप माझ्या ओळखीचं. एक ग्रेन म्हणजे जवळजवळ 65 मिलिग्रॅम. आमच्या कपाटातली 325 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन ही मुळात पाच ग्रेनची गोळी. त्यामुळे काट्यासमोर बसायचा मला कंटाळा नाही. टेबलावर एकाच दारूचा डबा, दुसरा कपाटात बंद. रिकाम्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उलट्या, तोंड खाली. एक उचलायची, माप घालायचं, तोंड वर करून पलीकडच्या ठोकळ्यात ठेवायची. म्हणजे जिचं तोंड वर तिच्यात दारू आहे, यात शंकेला जागाच नाही. ओळ भरली की टॉर्च तिरकी धरून प्रत्येक पुंगळीत डोकवायचं: दारूची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एकीबद्दल जरी मन साशंक झालं तरी ती ओतून पुन्हा मापायची. रेडिओ बंद, फोन घरात. भरत असताना कुणी हाक मारली तर मी उत्तर देत नाही, आणि हे आता घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

गोळ्या मी शिशाच्या ओतीव वापरते. त्यांत टणकपणा यावा म्हणून जुन्या छापखान्यांचा लायनोटाइप धातू मिसळतात: शिसं, सुमारे 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील. ज्यांनी एकेकाळी छापखान्यात खिळे हाताळले असतील त्यांना हे मिश्रण परकं वाटणार नाही. ओतकाम दार उघडं ठेवून, पोरंबाळं लांब, आणि नंतर हात साबणाने घासून. शिसं पोटात गेलं की काय होतं ते फार्मासिस्टला सांगायला नको.

रेंजवर ही काडतुसं फिकी वाटतात. आवाज बसका. दाब कमी असल्यामुळे पुंगळी फुगून नळीच्या घराला घट्ट बसत नाही, मानेवर काजळी येते. नवखे ती पाहून घाबरतात, पण ते चालतं. मार नेहमीच्या जागी पडत नाही. सहसा खाली, कधी बाजूलाही. त्यासाठी मी रायफलीवरच्या दुर्बिणीला हात लावत नाही, गोळ्या एका जागी पडतात की नाही एवढंच पाहते. हंगामाआधी मूळ ताकदीची थोडी काडतुसं उडवून नेम पक्का करते, तेही उभ्यानेच.

यात काही नवं नाही, बरं का. अमेरिकी लष्कराने 1873 साली .45-70 काडतूस घेतलं, त्यात 70 ग्रेन काळी दारू असायची. पण घोडदळाच्या आखूड, हलक्या कार्बाइनसाठी तेच काडतूस 55 ग्रेन घालून दिलं जाई.

भारतातून विचारणाऱ्यांना मात्र इथेच थांबवते. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची तर लागतो. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याखाली काडतुसं बनवणं हे परवान्याचं काम आहे, बंदुकीचा परवाना असला म्हणून घरी भरता येत नाही. शिकार तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर मिटलेलाच विषय. तेव्हा सराव हवा असेल तर रायफल क्लब गाठा.

माझी हलकी काडतुसं लाल पट्टी लावलेल्या वेगळ्या डब्यात असतात आणि शिकारीच्या सामानाच्या खोलीत तो डबा येत नाही. हलक्या काडतुसातली शिशाची करडी गोळी आणि पूर्ण ताकदीच्या काडतुसातली तांब्याची चकचकीत गोळी अंधारात हाताला सारखीच लागते.

आणि हो, ‘नेमकं किती ग्रेन घालता ते तरी सांगा’ असं प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच. ते सांगत नाही. माझं माप माझ्या रायफलीचं, माझ्या गोळीचं आणि माझ्या डब्यातल्या दारूचं आहे. तुमच्या दारूच्या कंपनीचं चालू वर्षाचं पुस्तक उघडा, त्यात तुमचं काडतूस आणि तुमच्या गोळीचं वजन शोधा. सापडलं नाही, तर ते काडतूस भरू नका.