जुनी डिझेल गाडी बघताना

आज धाकट्या भावासाठी २०१६ची सात सीटर डिझेल एसयूव्ही बघून आलो. बाहेरून चकाचक, मीटरवर ६२ हजार किलोमीटर. पण ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत आणि स्टीअरिंगचं कव्हर सोललेलं! एवढ्या रनिंगला इतकी झीज मला पटत नाही, मीटर मागे फिरवलेलं असू शकतं.

इंजिन गार असतानाच चालू करू द्या, असं मालकांना आधीच सांगितलं होतं. डिझेलचं दुखणं पहिल्या स्टार्टलाच कळतं. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. इथे तो आला नाही, हे चांगलं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले, पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे सापडतो. तेही स्वच्छ. टायरवर १४१९, म्हणजे २०१९च्या १४व्या आठवड्यात बनलेले, जुने झालेत. चारही बदलावे लागणार. क्लच जड आहे, तोही खर्च धरायचा. शिवाय मालकांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) त्यांच्याकडेच राहतो, भावाला विम्याचा पूर्ण हप्ता.

आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा अजून दिसतोय. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा अर्ज) हातात येईपर्यंत, आणि सर्व्हिसच्या नोंदींतलं रनिंग तपासेपर्यंत, टोकन द्यायचं नाही असं त्याला बजावलंय. गाडीत लहान पोरं बसणार आहेत.