ब्राह्मी दिवाळीत, परीक्षा फेब्रुवारीत

जानेवारी उजाडला की बारावीच्या घरात दोन गोष्टी येतात: सराव प्रश्नसंच आणि ब्राह्मीची बाटली. प्रश्नसंच उशिरा आला तरी थोडाफार कामी येतो. ब्राह्मी जानेवारीत आणून फारसं काही हाती लागत नाही. ब्राह्मीवरच्या संशोधनात बाकी बरंच धूसर आहे, पण एवढं मात्र बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी २००१ साली दोन प्रयोग प्रसिद्ध केले. एकात निरोगी माणसांना ३०० मिलिग्रॅम अर्काचा एकच डोस दिला आणि दोन तासांनी चाचण्या घेतल्या. फरक काही नाही. दुसऱ्यात ४६ जणांपैकी काहींना तोच ३०० मिलिग्रॅम अर्क रोज, तर उरलेल्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या कॅप्सूल दिल्या. पाचव्या आणि बाराव्या आठवड्यात चाचण्या झाल्या, आणि ठळक फरक दिसला तो बाराव्या आठवड्यात. इतका वेळ का लागावा, याचा एक अंदाज मणिपालच्या प्रयोगशाळेतून मिळतो. तिथे ब्राह्मीचा अर्क दिलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या चेतापेशींच्या फांद्या वाढलेल्या आढळल्या, पण त्या चार ते सहा आठवड्यांनंतर. फांदी फुटायला वेळ लागतो, झाडाला काय आणि चेतापेशीला काय. माणसाच्या मेंदूतही नेमकं हेच होतं, असं मात्र यावरून म्हणता येत नाही.

आता उलटे मोजा. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. बारा आठवडे मागे गेलं की नोव्हेंबर येतो, म्हणजे दिवाळीच्या सुटीच्या आसपासचे दिवस. भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६० विद्यार्थी होते, मात्रा होती १५० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, आणि सहा आठवड्यांतच काही चाचण्यांमध्ये फरक आढळला. त्यामुळे डिसेंबर अगदीच वाया गेला असं म्हणत नाही. पण परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात चमचाभर सिरप पाजणं हा घरच्यांच्या समाधानाचा उपचार झाला, विद्यार्थ्याचा नव्हे.

फरक आढळला म्हणजे नेमकं काय? इथे बातम्या आणि जाहिराती सगळ्यात जास्त घसरतात. या प्रयोगांत कुणाचे गुण मोजलेले नसतात. आकड्यांची ओळ ऐकून उलटी म्हणणं, ऐकलेली गोष्ट अर्ध्या तासाने सांगणं, पडद्यावर खूण दिसताच बटण दाबणं, अशा चाचण्या असतात. एका अभ्यासात अशा दहा-वीस चाचण्या घेतात. वीस घेतल्या तर त्यातली एखादी निव्वळ योगायोगानेही 'लक्षणीय' निघते. शिवाय तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावामुळे गुण वाढतातच, म्हणून औषध न घेणाऱ्या गटाशी तुलना नसेल तर तो अभ्यास बाजूला ठेवावा. आणखी एक अडचण खास ब्राह्मीची आहे. ब्राह्मी घेणाऱ्यांना शौचाला जास्त वेळा जावं लागतं. आपल्याला खरं औषध मिळतंय हे ज्याच्या पोटाने ओळखलं, तो चाचणी देताना तटस्थ राहिला असेल का, ही शंका मला या सगळ्याच अभ्यासांबद्दल येते.

तरीही एक धागा पुन्हा पुन्हा सापडतो. वुलनगाँग विद्यापीठाने २००२ साली ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांवर तीन महिने प्रयोग केला. शब्दांच्या असंबद्ध जोड्या पाठ करायला दिल्या. पाठ होण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच राहिला, पण ब्राह्मी घेणारे नंतर कमी विसरले. २०१२ साली सहा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही जमेची बाजू होती ती मुख्यतः आठवून सांगण्याची. बुद्धीच्या इतर अंगांबद्दल पुरावा तोकडाच निघाला. म्हणजे ब्राह्मीने डोकं 'तल्लख' होतं, गणित पटकन कळतं, यापेक्षा पाठ केलेलं थोडं कमी निसटतं, इतपतच दावा टिकतो. आणि तोही प्रौढांमध्ये. सहा ते चौदा वर्षांच्या, लक्ष न लागणाऱ्या आणि अतिचंचल मुलग्यांवर ऑस्ट्रेलियात चौदा आठवड्यांचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. मुख्य मोजमाप वर्तनाचं होतं, आणि त्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. झोपेसारख्या काही दुय्यम गोष्टींत थोडी सुधारणा दिसली. पाचवीतल्या मुलाला 'एकाग्रतेसाठी' ब्राह्मी सुरू करणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा.

बाटलीत आहे तरी काय

वरचे सगळे प्रयोग एकाच वनस्पतीचे आहेत: बॅकोपा मोनिएरी, म्हणजे आपली नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी. पण कोकणात आणि घाटावरही 'ब्राह्मी' म्हणून परसात दाखवतात ती बरेचदा कारिवणा असते, म्हणजे मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. दोन्ही ओलसर जागी जमिनीलगत पसरतात, त्यामुळे घोटाळा होतो. ओल्या झाडावरून ओळख सोपी आहे. कारिवण्याचं पान लांब देठाचं, गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला दंतुर. नीरब्राह्मीची पानं नखाएवढी, मांसल, देठ जवळपास नसलेली, समोरासमोर जोडीने येणारी. फूल पांढरट किंवा फिकट जांभळं. नीरब्राह्मी चावली की जबर कडू लागते. वाळवून पूड केली की मात्र डोळ्यांनी भेद करता येत नाही.

गंमत अशी की चरकसंहितेत चिकित्सास्थानात जी चार मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणारी, रसायनं सांगितली आहेत, त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी आहेत. ब्राह्मी त्यांत नाही. तेव्हा कारिवणा म्हणजे 'नकली ब्राह्मी' असं म्हणून हिणवायचं कारण नाही. फक्त एकीवरचं संशोधन दुसरीच्या बाटलीवर चिकटवू नये. दोघींतले मुख्य घटकही वेगळे आहेत: नीरब्राह्मीत बॅकोसाइड, कारिवण्यात एशियाटिकोसाइड.

म्हणून लेबलवर 'ब्राह्मी' या शब्दापाशी थांबू नका. शास्त्रीय नाव शोधा. मग पाहा अर्क आहे की पूड. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेल्या अर्कात बॅकोसाइडचं प्रमाण सुमारे ५५ टक्के ठरवलेलं असतं, आणि बरेचसे प्रयोग त्या किंवा तशाच प्रमाणित अर्कावर झालेत. ३०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे साधारण सहा ग्रॅम वाळलेली वनस्पती. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, ब्राह्मीच्या चूर्णाची मात्रा एक ते तीन ग्रॅम दिली आहे. म्हणजे पाव चमचा चूर्ण मधातून चाटवणाऱ्याने प्रयोगातल्या परिणामाची अपेक्षा धरायला नको. ती मात्रा गाठायची म्हणून मनानेच सहा ग्रॅम चूर्ण घेणं त्याहून वाईट, कारण आधी पोट बिघडतं.

टक्केवारीतही एक मेख आहे. बॅकोसाइड मोजायच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून मोजलं तर इतर घटकही त्यात धरले जातात आणि आकडा फुगतो; एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तंत्राने एकेक घटक वेगळा करून मोजलं तर त्याच मालाचा आकडा निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. त्यामुळे '५० टक्के' लिहिलेली बाटली '२० टक्के' लिहिलेल्या बाटलीपेक्षा जोरदार असेलच असं नाही. मोजण्याची पद्धत छापलेली असेल तर तो उत्पादक निदान प्रामाणिक आहे असं समजायला हरकत नाही. सिरप घेणार असाल तर दहा मिलिलिटरमध्ये अर्क किती मिलिग्रॅम आहे आणि साखर किती, या दोनच ओळी वाचा. पहिली ओळ सापडली नाही तर बाटली परत फळीवर.

परसातली किंवा ओढ्याकाठची नीरब्राह्मी खुडून रस काढणाऱ्यांसाठी एक इशारा. ही वनस्पती पाण्यातले शिसं, कॅडमियम असे जड धातू शोषून साठवते. सांडपाणी स्वच्छ करायला तिचा उपयोग होईल का, यावर संशोधन झालंय ते याच गुणामुळे. गटाराच्या पाण्यावर वाढलेली ब्राह्मी मुलाला पाजणं म्हणजे मेंदूला अपायकारक असलेलं शिसं स्मरणशक्तीच्या नावाखाली देणं. कुंडीत, स्वच्छ मातीत, पिण्याच्या पाण्यावर वाढवलेली असेल तरच वापरा.

बिघडतं कुठे

मळमळ, पोटात कळ, पातळ शौच या तक्रारी सगळ्यात जास्त. बॅकोसाइड ही सॅपोनिन आहेत, म्हणजे रिठ्यासारखी फेस आणणारी द्रव्यं. ती आतड्याच्या अस्तराला चुरचुरतात. उपाशीपोटी घेतलं तर हमखास. जेवणानंतर घेतलं की बराच फरक पडतो, आणि ३०० मिलिग्रॅम एकदम घेण्याऐवजी दोन वेळा दीडशे घेणं सोपं जातं. आठवडाभरात पोट सावरलं नाही तर बंद करावं. आणि परीक्षेच्या आठवड्यात ब्राह्मी नव्याने सुरू करू नये. तीन तासांच्या पेपरात पोटात कळ येणं कुणालाच परवडणारं नाही.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये. उंदरांमध्ये ब्राह्मीने थायरॉक्सिन या थायरॉइडच्या संप्रेरकाची पातळी वाढलेली दिसली आहे. फिट्सची औषधं चालू असतील तर आणखी जपून, आणि यात बुद्धीसाठीच दिल्या जाणाऱ्या शंखपुष्पी सिरपची गोष्ट महत्त्वाची आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९२ साली नोंदवलं की फेनिटॉइन या औषधावर स्थिर असलेल्या दोन रुग्णांचं फिट्सवरचं नियंत्रण शंखपुष्पीचं औषध घेतल्यावर सुटलं. मग उंदरांवर तपासलं, तर दोन्ही एकत्र दिल्यावर रक्तातली फेनिटॉइनची पातळी खाली आली. 'वनस्पतीचंच आहे, अपाय काय होणार' या वाक्याला मुंबईतूनच मिळालेलं हे उत्तर तीस वर्षांहून जुनं आहे, तरी 'बुद्धीसाठी' म्हणून ते सिरप फिट येणाऱ्या मुलालाही कुणीतरी सुचवतंच.

बरं, कमी विसरणं हेच हवं असेल तर त्यावर शिक्षणशास्त्रात वेगळा उपाय आहे आणि त्याला बारा आठवडे लागत नाहीत. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. करायचं कसं: धडा वाचून झाला की वही बंद, कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते, मग पुस्तक उघडून सुटलेले मुद्दे लाल पेनाने. दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. पहिल्या वेळी कागद अर्धा रिकामा राहतो आणि मुलं घाबरून पुन्हा वाचनाकडे वळतात. नेमकी तिथेच ही पद्धत सुटते.

आणि ब्राह्मीच्या आधी लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये आणि ३१.१ टक्के मुलग्यांमध्ये रक्तक्षय आढळला. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलींचं 'लक्ष लागत नाही' याचं एक कारण रक्तात असू शकतं. बाल्टिमोरमधल्या शाळकरी मुलींवरचा १९९६ चा प्रयोग इथे मोलाचा वाटतो. त्या मुलींचं हिमोग्लोबिन ठीक होतं, फक्त शरीरातला लोहाचा साठा संपत आला होता. आठ आठवडे लोहाच्या गोळ्या घेतल्यावर शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत त्या पुढे गेल्या.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती बऱ्याच मुली दप्तरात टाकतात, कारण उपाशीपोटी घेतल्यावर एकदा मळमळलेलं असतं. जेवणानंतर, पाण्यासोबत घ्यावी. सोबत लिंबू किंवा आवळा चालेल. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी निदान तासभर तरी लांब. शौचाचा रंग काळा होतो, घाबरायचं नाही. थकवा रेंगाळत असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासून घ्यावं. फक्त ताप किंवा सर्दी-खोकल्याच्या दिवसांत नको, कारण संसर्गात फेरिटिन आपोआप वाढतं आणि रिकामा साठाही भरलेला दिसतो.