संत्र्याची सालं, कुलरची हवा आणि अर्धा किलो गांडुळं

मेलेली गांडुळं सापडत नाहीत. हे मला एप्रिलमधल्या एका सोमवारी कळलं. शुक्रवारी रात्री डब्यात हात घातला तेव्हा बोटांना वळवळ लागत होती. दोन दिवस अमरावतीला लग्नाला जाऊन आलो, झाकण उघडलं, तर आत एकही नाही. नुसता काळा चिखल आणि सासूबाईंना देवघरापर्यंत आलेला वास. आधी मला वाटलं, पळाली. मग लक्षात आलं, पळून जाणार कुठे? गांडुळाच्या अंगात हाड नाही, कवच नाही, बहुतेक सगळं पाणीच. ऐन उन्हाळ्यात मेलं की दिवस-दोन दिवसांत विरघळून चिखलात मिसळून जातं.

आम्ही नागपूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घंटागाडी येते, ओला-सुका वेगळा करून देतो, त्यामुळे कचऱ्याची अडचण अशी नव्हतीच. मला कुंड्यांसाठी खत हवं होतं, आणि नर्सरीतल्या पिशव्यांमध्ये खतापेक्षा माती जास्त निघते, एवढाच राग. फेब्रुवारीत काटोल रोडवरच्या एका शेतकऱ्याकडून अर्धा किलो गांडुळं आणली. आयसेनिया फेटिडा जातीची, लालसर, अंगावर फिकट पट्टे. ही पावसात अंगणात दिसतात ती गांडुळं नव्हेत. ती मातीत खोल राहतात, आणि त्यांना डब्यात कोंडून काही उपयोग नाही. ही वरच्या थरातली, कुजत्या पाल्यावर आणि शेणावर जगणारी.

डबा म्हणजे चाळीस लिटरचा प्लास्टिकचा टब. गॅसवर सळई तापवून त्याला भोकं पाडली (खिडक्या उघड्या ठेवा, मी नव्हत्या ठेवल्या). तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), फाडलेली वर्तमानपत्रं आणि जुनं शेण. ताजं शेण नको, ते आतून तापतं. सगळं आठवडाभर तसंच मुरू दिलं आणि मग गांडुळं सोडली. पहिल्या रात्री निम्मी भिंतीवर चढून झाकणाशी गोळा झाली. शेतकऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "लाईट चालू ठेवा जी रातभर, उजेडाले भेतात." खरंच, वर बल्ब लावला आणि सकाळपर्यंत सगळी खाली. तीन रात्री बल्ब जाळला, मग त्यांनी घर आपलं मानलं.

त्यानंतरची पहिली चूक अगदी नागपुरी. फेब्रुवारी-मार्च म्हणजे मृग बहाराची संत्री. आमच्याकडे संत्री डझनाने नाही, पेटीने येतात. मी रोज भांडंभर सालं टबात टाकत गेले. आठवड्याने पाहिलं तर सालं जशीच्या तशी, वर हिरवी बुरशी, आणि सगळी गांडुळं समोरच्या कोपऱ्यात एकमेकांत गुंतून गोळा होऊन बसलेली. संत्र्याच्या सालात आंबटपणा असतो आणि तेलही. तेच तेल, जे आपण लहानपणी साल पिळून भावाच्या डोळ्यात उडवायचो. गांडूळ कातडीतून श्वास घेतं, म्हणजे त्याचं अख्खं अंगच डोळ्यासारखं. सालं वेचून काढली. आंबटपणा उतरवायला अंड्याच्या कवचांची पूड टाका, असं कुणी तरी सांगितलं. आमच्या घरात अंडं येत नाही. शेजारच्या काकूंकडून कवचं मागून आणायची, गच्चीत वाळवायची आणि मोडक्या खलात कुटायची, हा उद्योग मी सासूबाई दुपारी झोपल्यावर करायची. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे मला नंतर समजलं.

कवचांनी फरक पडला. मार्च बरा गेला. आणि मग एप्रिल.

आमची गॅलरी पश्चिमेची. मुलाच्या जुन्या मासोळीपेटीचा थर्मामीटर टबात खोचला तर दुपारी चारला ३७. या गांडुळांना पंधरा ते पंचविसात बरं वाटतं, तीसपर्यंत ती सोसतात, पस्तिसाच्या वर टिकत नाहीत. मी काय केलं? तहान लागली असेल म्हणून सकाळ-संध्याकाळ मगभर गार पाणी ओतलं. मगाशी म्हटलं तसं, श्वास कातडीतून. त्याला ओल लागते, पण ओलीबरोबर हवाही लागते. मूठभर ऐवज घट्ट पिळला तर एक-दोन थेंब पडावेत, इतपतच ओल हवी. माझ्या टबात तळाशी तळं झालं होतं. त्यातून अमरावतीला निघताना, दोन दिवस उपाशी राहतील बिचारी, म्हणून अख्ख्या टरबुजाची सालं घातली. टरबूज म्हणजे पाणीच, आणि ओल्या कचऱ्याचा मोठा ढीग कुजताना स्वतःही तापतो. दोन दिवस काहीच दिलं नसतं तर ती उपाशी मेली नसती. माझ्या मायेनं मेली.

चिखल फेकवेना. चाळून पाहिला, तर त्यात पिवळट, चमकदार, टोकाला किंचित निमुळते बारीक दाणे. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मोड न आलेली मेथी यात टाकत जाऊ नका, सगळीकडे झालीय." त्या म्हणाल्या, "मी नाही टाकली." मी विश्वास ठेवला नाही. सगळा ऐवज मोगऱ्याच्या मोठ्या कुंडीत ओतला, वर पालापाचोळा टाकला, कुंडी जिन्याच्या सावलीत सरकवली आणि विषय संपवला.

मे महिन्यात पुन्हा काटोल रोडला गेले. त्या शेतकऱ्याने गांडुळं दिलीच नाहीत. "आता नेऊ नका ताई, मरून जातीन. जुलैत या." पण त्याचा शेड मात्र दाखवला. वर गवताचं छप्पर, बाजूने हिरवी नेट, वाफ्यांवर गोणपाट, आणि ते गोणपाट दिवसातून दोनदा शिंपडायचं. पाणी गोणपाटाला, गांडुळांना नाही. वाऱ्याने पाणी उडतं आणि खालचं गार राहतं. म्हणजे आमचा कुलरच की! बाहेर ४४ असताना वाळ्याच्या ताट्यांवरून आलेल्या हवेत आम्ही झोपतो, आणि गांडुळांना बंद प्लास्टिकमध्ये उकडत ठेवलं होतं. घरी येऊन हे सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आपण पाणी पितो माठातलं. अन् त्यांना काऊन डबा?"

म्हणून माठ. घरचा जुना नाही. जुन्या माठाची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, म्हणून तर दर उन्हाळ्यात नवा घेतो. कुंभारवाड्यातून रुंद तोंडाचा नवा रांजण आणला. तळाला दोन भोकं पाडायला सांगितलं तेव्हा कुंभाराने माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहिता येणार नाही.

आता जुलैची वाट पाहायची, असं ठरवलं होतं. जूनअखेर पाऊस लागला. मोगऱ्याला पाणी सुटतंय का म्हणून बोटाने माती उकरली, तर पांढरट-गुलाबी दोरे हलत होते. पाऊण इंचाचेही नसतील. शेतकऱ्याला फोटो पाठवला. उत्तर आलं: "तुमच्याच गांडुळांचे पिल्लं होत जी. पिवळे दाणे दिसले होते काय?"

मेथी! गांडुळांचे कोष. एका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात, साधारण तीन आठवड्यांत. पण कोरडं पडलं, तापलं तर कोष दम धरतात, मोठ्यांना सोसत नाही ते त्यांना सोसतं. सासूबाईंना जाऊन सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवशी मेथीचे लाडू नसताना घरात मेथीचा विषय तीनदा निघाला.

पिल्लं वेचून रांजणात घातली, मोजून एकसष्ट. विकतची आणलीच नाहीत. धीर मात्र लागतो: पिल्लू वयात यायला दीड-दोन महिने, मग त्याच्या मानेशी तो जाड पट्टा दिसतो, मग पुन्हा कोष. पावसाळ्यात चिलटं झाली, त्यावर उपाय एकच, कचरा उघडा ठेवायचा नाही, कोरड्या कागदाखाली पुरायचा. एकदा काळ्या-करड्या जाड अळ्या निघाल्या. त्या सैनिक माशीच्या, दिसायला किळसवाण्या पण गांडुळांना खात नाहीत. मुंग्यांसाठी रांजणाखालच्या विटा पाण्याच्या परातीत.

पहिलं खत जानेवारीत काढलं. गच्चीत प्लास्टिकवर ढीग घालायचा, उजेडाला भिऊन ती खाली सरकतात, वरचा थर हाताने काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा वरचा थर. चहा घेऊन बसावं असं काम आहे. शेवटी तळाशी लालभडक गुंता उरतो. खत चहाच्या पावडरीसारखं, वास पहिल्या पावसाचा. साडेतीन किलो भरलं. त्यातली "मेथी" वेचून परत रांजणात टाकायला आम्ही दोघी बसलो होतो. सासूबाईंची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर फारच.

पुढचा मे आला. रांजण गॅलरीतून उचलून आतल्या बोळीत, वाळूवर, भोवती ओलं गोणपाट, कुलरची उरलेली हवा जाते त्या वाटेवर. खाणं निम्म्यावर आणलं. पाणी फक्त गोणपाटाला. पारा ४५ ला गेला त्या दुपारी आतला थर्मामीटर २९ दाखवत होता. हात घातला, वळवळ लागली. एवढ्यासाठी मी त्या दिवशी ऑफिसातून लवकर आले होते, हे कुणाला सांगितलं नाही.

संत्र्याच्या सालांचं मात्र अजून जमलेलं नाही. आठवड्याला दोन संत्र्यांची सालं, तीही आधी वाळवून, एवढीच रांजणाला चालतात. बाकीची सध्या गच्चीत सुपात वाळताहेत. सासूबाई म्हणतात, उटण्याला होतील. उटणं दिवाळीत लागतं, मूठभर. सुपं चार झाली आहेत.