मैदान घरी येतं

रात्री पुसून ठेवलेल्या टीपॉयच्या काचेवर सकाळी बोटाने नाव लिहिता येतं. पावसाळा सोडला तर आमच्याकडे हे रोजचंच. नातू राहायला आला की काचेवर फुल्ली-गोळ्याचा डाव मांडून ठेवतो. फडकं फिरवलं की लालसर होतं, पिळलं की बादलीत गेरू कालवल्यासारखं पाणी. ते मोरीत ओतताना मी स्वतःशीच म्हणते, आलं बाई, आजही मैदान घरी आलं.

मैदान म्हणजे शिवाजी पार्क. आम्ही नुसतं पार्क म्हणतो आणि पाहुणे फसतात. पार्क म्हटल्यावर त्यांना फुलांचे ताटवे हवे असतात, इथे समोर येतं अठ्ठावीसेक एकरांचं मोकळं पटांगण. महापालिकेने ते १९२५ साली लोकांसाठी खुलं केलं तेव्हा नाव होतं माहीम पार्क. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे ते शिवाजी पार्क झालं. २०२० मध्ये नाव आणखी लांब, आदरार्थी झालं. पण भाजी घेऊन येणारी बाई अजून "पार्काच्या बाजूने आले" असंच सांगते. अवंतिकाबाईंचं मला फार वर्षांनी कळलं आणि जरा गंमत वाटली. मैदानाचं बारसं केलं एका बाईने आणि आम्ही मुली पुढची कित्येक वर्षं त्याच्या कडेकडेने फिरत राहिलो.

कडेकडेने म्हणजे अगदी शब्दशः. दादा मैदानात खेळायचा आणि मला मैदान कळायचं ते त्याच्या पँटवरून. चाळीच्या नळावर त्याचे पांढरे कपडे घासायचं काम माझ्याकडे होतं. थंडीत गुडघ्यावर मातीचे ठसे, ते साबणाने निघत. खरा वैताग पावसाळ्यात. कांगा लीग ही क्रिकेटची स्पर्धा १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यातच खेळतात, का ते पुरुषांना विचारावं. आउटफिल्डला घोट्याएवढं गवत, चेंडू त्यात गडप आणि तो शोधायला अकरा माणसं वाकलेली. त्या गवताचे हिरवे डाग लिंबू-मिठाने जातात असं आई म्हणायची. जात नसत. शिवाय दादा बहुतेक मॅचेसना बारावा असायचा. बाराव्याच्या पँटला एवढे डाग पडतात कसे, हे आईला शेवटपर्यंत उमगलं नाही.

आमची जागा कट्ट्यावर. मैदानाला वळसा घालणारा हा बुटका कट्टा सव्वा किलोमीटरला थोडा कमी भरतो. मुंबईत फुकट बसायला एवढी लांब जागा दुसरीकडे कुठे असेल तर मला ठाऊक नाही. पहाटे पेन्शनर, दुपारी डबा खाणारे सेल्समन, संध्याकाळी पोरं, दिवेलागणीनंतर जोडपी. कोण कुठे बसणार हेही ठरलेलं असे. आजी गणपतीच्या देवळाजवळची जागा सोडायची नाही, आणि तिथे आधीच कुणी बसलेलं असेल तर समोर उभं राहून मोठ्याने "शिव शिव" म्हणत राहायची. माणूस पाचव्या मिनिटाला उठे.

कट्ट्यावर बसायच्या तऱ्हा दोन. मैदानाकडे पाय सोडून किंवा रस्त्याकडे. मुलगे मैदानाकडे बसत, आम्ही मुली रस्त्याकडे. कुणी सांगितलं नव्हतं, तसंच चालत आलेलं. त्यामुळे आमच्या वयाचे सगळे जेव्हा "आम्ही सचिनला नेटमध्ये बघितलंय" म्हणून सांगतात तेव्हा माझी पंचाईत होते. मीही त्या वर्षांत रोज संध्याकाळी तिथे होते. माझी पाठ होती. त्याचे गुरू आचरेकर सर, स्टंपवर ठेवलेला रुपया, जो गोलंदाज त्याला बाद करेल त्याचा तो रुपया, आणि कुणालाच जमलं नाही तर रुपया सचिनच्या खिशात, हे सगळं मी दादाकडून ऐकलेलं. आता सरांचं स्मारक मैदानाच्या पाच नंबरच्या गेटपाशी उभं आहे, डिसेंबर २०२४ पासून. त्याच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. मी मात्र जाता-येता त्याच्याकडे, काहीतरी हुकलं आपलं, अशा नजरेने बघते.

आत जायची मुभा असलेल्याही मुली होत्या. आमच्या वर्गातली एक समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबाला जायची. तळहाताला घट्टे पडले होते तिच्या. वर्गात ते दाखवायची आणि आम्ही बांगड्या दाखवाव्यात तशा कौतुकाने बघायचो.

मैदानात खेळापेक्षा मोठ्या गोष्टी झाल्या, त्या तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा इथलाच, ३० ऑक्टोबर १९६६चा. महाराजांचा पुतळाही त्याच वर्षीचा. सभा ऐकायला मैदानात जायची गरज नव्हती, भाषण स्वयंपाकघरात ऐकू यायचं. दादाची तक्रार वेगळीच. मंडपाच्या बांबूंचे खड्डे नीट बुजत नाहीत आणि आठवडाभर चेंडू भलतीकडे उसळतो. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने पार्क शांतता क्षेत्र झालं. मग सभांचे दिवस मोजून मिळू लागले आणि आमच्या कुकरच्या शिट्ट्या आम्हालाच ऐकू येऊ लागल्या.

सहा डिसेंबरचं मात्र तसं नाही. चैत्यभूमीला आलेली माणसं दोन-तीन रात्री मैदानात उतरतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, गाठोड्याला डोकं टेकून झोपलेली लेकरं घेऊन. आमच्याकडे काही घरं तेवढ्यापुरती गावाला निघून जातात. ते मला कधी पटलं नाही, आणि मी ते बोललेही आहे, त्यामुळे मजल्यावरच्या एका बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. एवढी पुस्तकं विकली जाणारं मैदान बघायचं सोडून लोक महाबळेश्वरला काय बघतात कोण जाणे. एका वर्षी बाटली भरून घ्यायला आलेल्या नांदेडकडच्या आजींनी मला विचारलं, "बाई, येवढं मोठं अंगण तुमच्या दारात, तुम्ही काय वाळवता त्यात?" काय सांगणार? म्हटलं, काही नाही वाळवत. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

माती तेवढी बदलली. काही वर्षांपूर्वी मैदान सारखं करायला ट्रकच्या ट्रक लाल माती येऊन पडली, आणि वारा सुटला की ती उठून आमच्या खिडक्यांत येते. मग रिंगवेल, म्हणजे गोल विहिरी, खणल्या, फवारे आले, गवत लावायचं ठरलं, माती उचलायचं ठरलं, बैठका झाल्या. एका बैठकीला मीही गेले होते. पुसल्यावर लाल झालेलं फडकं पुरावा म्हणून पिशवीत घालून नेलं होतं. बाहेर काढायचा धीर झाला नाही. पण घरी परतताना वाटलं, पन्नास वर्षं मैदान माझ्याकडे कपड्यावरून, हवेतून, खिडकीतून येतंय. आपण एकदाही आडवं चालून गेलो नाही त्यातून.

म्हणून गेल्या रविवारी गेले. समुद्राकडच्या अंगाने आत शिरले आणि नाकासमोर निघाले. आतून मैदान फारच निराळं दिसतं. कट्ट्यावरून एक वाटणारा खेळ आत एकावर एक दहा असतात. एका मॅचचा स्लिप दुसऱ्या मॅचच्या लाँगऑनला पाठ लावून उभा आणि दोघांनाही त्याचं काही नाही. चेंडू ओळखायचे कसे ते त्यांनाच माहीत. मी साडी किंचित वर धरून, खेळपट्ट्या चुकवत, बऱ्यापैकी ऐटीत चालले होते. मध्यावर पोचले तेव्हा चारी बाजूंना कट्टा दिसला आणि त्यावर बसलेली इवली इवली माणसं. त्यातली बरीचशी मैदानाकडे तोंड करून होती. बायकासुद्धा, मांडीवर डबे नि पाण्याच्या बाटल्या घेऊन.

"ओ काकू!"

बारा-तेरा वर्षांची पोरगी, पॅड बांधलेली, हेल्मेट तिच्या डोक्यापेक्षा मोठं. बॅट टेकवून कंबरेवर हात ठेवून उभी.

"काकू, बोलरच्या मागून नका ना जाऊ. मला बॉल दिसत नाही."

गोलंदाजही मुलगीच. रनअप अर्धवट सोडून ती माझ्याकडे बघत होती. मी "सॉरी हं" म्हटलं आणि पटकन बाजूला झाले, कव्हर की पॉइंट काय म्हणतात तिथे. तिने पुढचा चेंडू जोरात मारला, तो माझ्यापासून दोन हातांवरून गेला. मी उगाच पाय उचलला.

घरी येऊन चपला दाराबाहेर आपटल्या. सून म्हणाली, "आई, कुठे गेला होतात एवढ्या? साडीची कड बघा."

बघितली. घोट्यापर्यंत लाल. भिजत टाकली नाही अजून.