पार्किंग लॉटमधल्या बेवारस कार्ट

रविवार, रात्री

अमेरिकेत आठवड्याचं सामान भरायचा दिवस रविवार. दुपारी चारच्या सुमाराला सुपरमार्केटच्या पार्किंग लॉटमध्ये नजर टाकली की सामानाच्या ढकलगाड्या, म्हणजे कार्ट, परत लावायचं कुंपण, म्हणजे कॉरल, अर्धं रिकामं आणि कार्ट मात्र चहूकडे. कुणी दिव्याच्या खांबाला टेकवलेली, कुणी पुढची दोन चाकं गवताच्या कट्ट्यावर चढवलेली, कुणी दोन गाड्यांच्या मधल्या रेघेवर सोडून दिलेली. लोक लगेच संस्कारांवर घसरतात. मला विचाराल तर संस्कारांच्या आधी दोन गोष्टी मोजाव्यात: जमिनीचा उतार आणि कॉरलपर्यंतचं अंतर.

लॉट दिसतो सपाट, पण असतो उतरता. पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून शंभर फुटांमागे निदान एक-दोन फूट उतार मुद्दाम काढलेला असतो. त्यात इथल्या कार्टची मागची दोन चाकं सरळ बसवलेली आणि पुढची दोन गरगर फिरणारी. उताराला आडवी उभी केली की वाटतं, राहील जागेवर. वाऱ्याचा एक झोत येतो, पुढची चाकं वळतात, तोंड उताराकडे होतं आणि मग ती निघते. पंचवीस किलोंच्या आसपासचं लोखंड ते. कुणाच्या तरी दाराचा पत्रा चेपूनच थांबतं.

याहून वाईट गोष्ट अपंगांच्या राखीव जागांची. अमेरिकन नियमाप्रमाणे या जागांना ४८ फुटांत १ फुटापेक्षा जास्त उतार चालत नाही. म्हणजे अख्ख्या लॉटमधली सर्वांत सपाट जमीन बहुधा हीच, शिवाय दारापासून जवळ. सोडून दिलेली कार्ट इथे बरोबर उभी राहते आणि म्हणूनच इथे गोळा होते. शेजारची तिरप्या पट्ट्यांची मोकळी जागा लोकांना फुकट गेलेली वाटते. ती किमान ५ फूट रुंद ठेवलेली असते, व्हॅनसाठी बऱ्याचदा ८ फूट, कारण व्हॅनच्या कुशीतून व्हीलचेअरचा उतरता फळा तिथेच खाली येतो. मधोमध एक कार्ट आली की फळा उघडतच नाही. आतला माणूस बाहेर येऊन ती सरकवूही शकत नाही, कारण बाहेर येण्याची वाटच अडलेली. ‘एका कार्टने काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी ही पट्टी एकदा नीट बघावी.

आता अंतर. सगळे दाराजवळची जागा शोधत घिरट्या घालतात. गाडी कॉरलच्या शेजारी लावावी, दार लांब पडलं तरी. जाताना हात रिकामे असतात, चालणं जड जात नाही. येताना कार्ट दोन पावलांवर ठेवून मोकळे. लहान मूल बरोबर असेल तर क्रम असा: आधी पिशव्या डिकीत, मूल कार्टच्या बैठकीतच. मग मुलासकट कार्ट कॉरलपर्यंत, तिथे मुलाला उचलायचं आणि कडेवर घेऊन गाडीत बसवायचं. मुलाला आधी गाडीत बसवलं की सगळा घोळ होतो, कारण उन्हात बंद गाडीत त्याला एकटं ठेवून जाता येत नाही आणि कार्ट तिथेच राहते.

ठेवतानाही अर्धं काम करणारे पुष्कळ. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमनने आणलेल्या पहिल्या कार्ट घडीच्या होत्या. एकीत एक सरकणारी कार्ट १९४६ मध्ये कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसनने काढली: मागची जाळी बिजागरीवर, मागून दुसरी कार्ट आत शिरली की ती वर उचलली जाते. हे नीट व्हायला मुलाच्या बैठकीची फळी मिटलेली हवी. तिच्यात कॉफीचा पेला नाहीतर जाहिरातींचे कागद राहिले की ती मिटत नाही आणि पुढची प्रत्येक कार्ट अर्धवट आत जाते. छोटी दुमजली आणि मोठी कार्ट एका रांगेत घुसवली तरी तेच. आठ-दहा कार्टमध्ये कॉरल भरल्यासारखं दिसतं आणि नंतरचा माणूस आपली कार्ट बाहेर सोडून जातो. त्याला दोष द्यावा का, हा प्रश्नच आहे.

अल्डी या सुपरमार्केटमध्ये हा त्रास जवळपास नाही. दांड्याजवळच्या कुलपात २५ सेंटचं नाणं सरकवलं की पुढच्या कार्टच्या साखळीची किल्ली सुटते. परत रांगेत लावून पुढच्या कार्टची किल्ली आत दाबली की नाणं बाहेर. किल्ली तिरपी दाबली तर नाणं अडकतं, सरळ आणि शेवटपर्यंत दाबावी. पंचवीस सेंटला आज काही येत नाही, पण आपलं नाणं दुसऱ्याच्या हाती जाणं माणसाला सोसत नाही. पळवाट आहेच: लॉटच्या मधोमध पडलेल्या कार्टला आपली कार्ट साखळीने जोडली तरी नाणं मिळतं. ब्रिटनमध्ये २०१७ साली बाराकोनी पौंड आला तेव्हा ट्रॉल्यांची जुनी कुलपं बदलत बसावी लागली, तो या पद्धतीचा दुसरा खर्च.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचा एक प्रयोग २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला होता. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचांवर जाहिरातीचे कागद लावले. कार्ट जागच्या जागी असताना ३० टक्के लोकांनी कागद खाली टाकला. चार कार्ट विस्कटून ठेवल्यावर ५८ टक्क्यांनी. कुणी त्या कार्ट उचलून नेऊ नयेत म्हणून दांड्यांना पेट्रोलियम जेली फासली होती! कार्ट अस्ताव्यस्त, कचरा मात्र कागदाचा. एक नियम मोडलेला दिसला की दुसराही सैल पडतो, हे त्यातून कळलं.

‘ती गोळा करायला माणूस ठेवलाय ना’, हा नेहमीचा युक्तिवाद. ठेवलाय, पण तोच बहुधा काउंटरवर पिशव्याही भरत असतो. कॉरलमधली रांग तो पट्टा लावून एका खेपेत ओढतो, मोठ्या दुकानात मागून ढकलायला बॅटरीचं यंत्रही असतं. विखुरलेल्या कार्टला यंत्राचा उपयोग शून्य, एकेक हातानेच आणावी लागते. हिवाळ्यात तर बर्फ ढकलणारी गाडी तिला वळसा घालून जाते आणि मागे उरलेला ढीग रात्रीत गोठून दगड होतो.

आपल्या इंडियन ग्रोसरीच्या दुकानांपुढे बऱ्याचदा कॉरलच नसतं. वीस पौंडांचं कणकेचं पोतं डिकीत टाकायचं आणि कार्ट खांबाशी लावायची, ही तिथली रूढ पद्धत. अशा ठिकाणी कार्ट दुकानाच्या भिंतीशी, फूटपाथवरची वाट मोकळी ठेवून, एकीत एक सरकवून लावावी. आत येणारं कुणी दिसलं तर सरळ विचारावं, ‘कार्ट हवीय का?’ बहुतेक जण हो म्हणतात.