एलियन लपवायचा कुठे?

या सगळ्या एलियनवाल्या अमेरिकन पिक्चरमधली पोरं सायकल कधीच स्टँडवर लावत नाहीत. चालत्या सायकलवरून उडी मारायची, ती तशीच लॉनवर आडवी फेकायची, मागचं चाक अजून गरगर फिरतंय आणि हे पठ्ठे आत जाऊन फ्रीज उघडून उभे. लहानपणी केबलवर हे बघताना मला एलियनपेक्षा याचंच जास्त नवल वाटायचं, कारण आमच्याकडे सायकल म्हणजे एकतर तासावर भाड्याने आणलेली, जी परत देताना दुकानदार रिम फिरवून बघणार, नाहीतर मग चुलतभावाची वापरून झालेली, आणि ती कुणी अशी फेकली असती तर अज्ञात संकटाशी सामना तिथेच दारात झाला असता, त्यासाठी परग्रहावरून कुणी यायची गरज नव्हती.

तर हे पिक्चर. 'ई.टी.' १९८२ चा, 'एक्सप्लोरर्स' १९८५ चा, 'फ्लाईट ऑफ द नेव्हिगेटर' १९८६ चा, मग बऱ्याच उशिरा आलेला पण त्याच खानदानातला 'सुपर ८', आणि ज्यांनी यातलं काहीच बघितलं नाही त्यांनीसुद्धा बघितलेली 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका. साचा एकच. छोटं गाव किंवा शहराच्या कडेची नवी वसाहत, जिच्या मागे लगेच जंगल सुरू होतं. आई नोकरीत नाहीतर दुःखात बुडालेली, बाप एक तर नाही किंवा असून नसल्यासारखा. आणि आकाशातून काहीतरी येतं ते नेमकं बारा वर्षांच्या पोराला सापडतं, पोलिसाला नाही, शास्त्रज्ञाला नाही.

लोक म्हणतात हे पिक्चर अज्ञाताला सामोरं जाण्याबद्दल आहेत. असतीलही. पण मला अलीकडे परत बघताना असं वाटायला लागलंय की सामोरं जाणं वगैरे दहा मिनिटांत उरकतं, पोरगा किंचाळतो, एलियन किंचाळतो, झालं, ओळख झाली. खरा पिक्चर त्यानंतर सुरू होतो आणि तो असतो लपवण्याचा. म्हणजे हा प्राणी आता घरात ठेवायचा कुठे, याला खायला काय घालायचं, बहिणीला सांगायचं का, आणि सांगितलं तर ती तोंड बंद ठेवायचं काय घेईल. यात ग्रहताऱ्यांचं काही नाही, हा सरळसरळ घरगुती मॅनेजमेंटचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच पोरांना तो इतका पटतो. गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू खोक्यात घालून जिन्याखाली ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे केलेलंच आहे.

'ई.टी.' तर जवळजवळ सगळाच असा आहे. त्यातला पोरगा एलियट शाळा चुकवायला तापाचं नाटक करतो, थर्मामीटर बल्बला लावून गरम करतो (आपल्याकडे काखेत कांदा, त्यांच्याकडे बल्ब, विज्ञान वेगळं पण हेतू तोच). आई कपाट उघडते तर आत खेळण्यांच्या गर्दीत ई.टी. निश्चल बसलेला, एक खेळणं बनून, आणि आईची नजर त्याच्यावरून सरळ फिरते, तिला काहीच दिसत नाही. मला तो सीन अख्ख्या पिक्चरमध्ये सगळ्यात थोर वाटतो, ती चंद्रावरून सायकल जाते त्याच्यापेक्षाही. कारण ती बाई आंधळी नाहीये, बिचारी दमलेली आहे, नवरा सॅली नावाच्या बाईबरोबर मेक्सिकोला गेलाय आणि हिच्यावर तीन पोरं टाकून गेलाय, तर तिला कपाटात काय काय दिसणार?

दिग्दर्शक स्पीलबर्गने यात एक फार हुशारी केलीय. कॅमेरा बराच वेळ पोरांच्या उंचीवर ठेवलाय आणि आई सोडली तर पिक्चरचा मोठा भाग संपेपर्यंत एकाही मोठ्या माणसाचा चेहरा नीट दिसत नाही. शाळेतले सर दिसतात ते मानेच्या खाली. ई.टी.ला शोधणारा माणूस म्हणजे कमरेला लटकणारा, छुनछुन वाजणारा किल्ल्यांचा जुडगा. मग ते लोक घरात घुसतात, घरावर प्लॅस्टिक चढवतात, मोठे पाईप जोडतात, आणि तिथे चेहरे दिसायला लागतात. माझ्यापुरता पिक्चर तिथे थोडा संपतो. पुढे रडायला येतं ते येतंच, जॉन विल्यम्सचं संगीत आहे, दगड असलात तरी रडाल (शेवटच्या भागात स्पीलबर्गने त्याला पडद्याकडे न बघता मनासारखं वाजवू दिलं आणि पिक्चरच त्या संगीताला धरून पुन्हा कापला). पण लपवायची मजा गेली ती गेली.

पोरं शेवटी इतकी खरी का रडतात याचंही कारण आहे, शूटिंग बऱ्यापैकी गोष्टीच्या क्रमानेच केलं होतं, म्हणजे निरोपाचा सीन येईपर्यंत त्या पोरांचे त्या रबरी प्राण्याबरोबर बरेच दिवस गेलेले होते. आणि तो प्राणी नुसता रबरी पण नव्हता. कार्लो रांबाल्दीने बनवलेली यंत्रं होती, पण काही सीनमध्ये आत माणसं होती, त्यातला एक होता मॅथ्यू डीमेरिट, जन्मतः पाय नसलेला शाळकरी पोरगा, तो सूटच्या आत हातांवर चालायचा. ई.टी. बिअर पिऊन स्वयंपाकघरात धडपडतो आणि आपण खो खो हसतो, तो हा. हे कळल्यावर मी तो सीन परत लावून बघितला. एलियनच्या आतसुद्धा पोरगाच, आणि तोही लपलेला!

खायला घालण्याचा प्रश्न प्रत्येक पिक्चर आपापल्या परीने सोडवतो. ई.टी.ला रीसेस पीसेसच्या गोळ्या टाकत टाकत जंगलातून घरापर्यंत आणतात. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये माईक तळघरात चादरीचा तंबू करून इलेव्हन नावाच्या पोरीला ठेवतो आणि वरून वॅफल पळवून आणून देतो. १९९९ चा 'द आयर्न जायंट' नावाचा कार्टून पिक्चर आहे, थिएटरमध्ये पार आपटला आणि नंतर लोकांनी डोक्यावर घेतला, त्यातल्या हॉगार्थला तर घराहून उंच लोखंडी राक्षस लपवायचाय आणि तो खातो काय, तर लोखंड! मग भंगारवाल्याशी दोस्ती. त्यात एक सीन आहे, राक्षसाचा तुटलेला हात स्वतःहून घरभर फिरतोय, आई जेवणाआधी प्रार्थना म्हणायला सांगते आणि हा पोरगा देवाचं नाव घेत घेत त्या हाताला हाकलतोय. तेवढ्या एका सीनसाठी पिक्चर बघा.

आता आपल्याकडे हे जमलं असतं का, हा विचार मी फार केलाय, जितका एका नोकरदार माणसाने करू नये तितका. तळघर नाही. कपाट आहे पण त्यात आईच्या साड्या, त्यावर गोधड्या, त्यावर दिवाळीचे आकाशकंदील, एलियन सोडा, उंदीर शिरला तरी पाच मिनिटांत कळतं. माळा आहे, पण माळ्यावर चढायला स्टूल लागतं आणि स्टूल हलवलं की आतून आवाज येतो, "काय काढतोयस रे?" घरात सतत कुणीतरी असतं हा आपला खरा प्रॉब्लेम आहे. आपल्या साहसकथा लिहिणाऱ्यांनाही हे बरोबर कळलेलं होतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बघा, घर फुरसुंगीला आणि शाळा पुण्यात विद्याभवनमध्ये, आईवडील सोयीस्कर अंतरावर, आणि बुडाखाली सायकल. एवढी सोय केल्याशिवाय 'ट्टॉक' करायला वाव नाही.

हिंदीत २००३ मध्ये 'कोई मिल गया' आला तेव्हा जादू नावाचा एलियन घरी येतो, आणि आईपासून काही ते गुपित राहत नाही. राहणारच नाही. रेखा आई असताना काय लपणार. आणि सत्यजित रायांनी तर 'ई.टी.'च्या कितीतरी आधी, १९६७ साली, 'द एलियन' नावाची पटकथा लिहिली होती, हॉलिवूडबरोबर बोलणी झाली पण पिक्चर कधी बनला नाही. त्यात बंगालमधल्या एका खेड्यातल्या तळ्यात यान उतरतं, हाबा नावाच्या गरीब पोराची त्या परग्रहवासीयाशी दोस्ती होते, पण यानाचा कळस तेवढा पाण्यावर दिसतो आणि गावाला वाटतं देऊळ वर आलं, झाली पूजा सुरू. बघा म्हणजे. अमेरिकेत एलियन लपतो कपाटात आणि आपल्याकडे भर गावात, सगळ्यांसमोर, देव म्हणून. रायांना आपण बरोबर माहीत होतो.

'एक्सप्लोरर्स' हा यातला सगळ्यात दुर्लक्षित आणि माझा सगळ्यात लाडका. ईथन हॉक आणि रिव्हर फिनिक्स, दोघांचाही पहिला पिक्चर, चेहऱ्यावर अजून दूध. तीन पोरं जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्याचा डबा उचलून त्याचं यान बनवतात. आता हे पटतं का? मला तेव्हा शंभर टक्के पटलं होतं, कारण बाकी सगळे यान बनवतात ते नासाचे लोक आणि हे बनवतात भंगारातून, म्हणजे आपल्यालाही जमेल. स्टुडिओने घाईघाईत रिलीज केला, दिग्दर्शक जो डान्टेला एडिटिंग धड पूर्ण करू दिलं नाही, आणि तो पडला. शेवट लोकांना आवडला नाही, कारण इतकं लांब जाऊन जे एलियन भेटतात ते आपल्याच टीव्हीवरचे कार्यक्रम बघून बघून बिघडलेले, जाहिराती म्हणून दाखवणारे दोन येडे निघतात. पण मग कळतं की ती पण पोरंच आहेत, बापाची गाडी न विचारता घेऊन आलेली, आणि बाप चिडून शोधायला येतो! म्हणजे तिकडेही लपवालपवीच चालली होती. लोकांना याहून मोठा काय शेवट पाहिजे होता मला कळत नाही.

'सुपर ८' चांगला आहे पण त्यातला एलियन नसता तर अजून चांगला झाला असता असं माझं स्पष्ट मत आहे. १९७९ चं ओहायो, आई गेलेला ज्यो, आणि त्याचे मित्र रात्री घरातून पळून स्टेशनवर झोम्बीपटाचं शूटिंग करायला जातात. लांबून ट्रेन येताना दिसते आणि तो जाडा दिग्दर्शक पोरगा "प्रॉडक्शन व्हॅल्यू!" म्हणून ओरडतो, यांना घाई कसली तर ट्रेन फ्रेममध्ये आली पाहिजे. हे काही नुसतं कल्पनेतलं नाही. स्पीलबर्गने स्वतः सतराव्या वर्षी, १९६४ मध्ये, 'फायरलाईट' नावाचा परग्रहवासीयांचा पिक्चर घरच्या ८ एमएम कॅमेऱ्यावर बनवून फिनिक्स शहरातल्या थिएटरमध्ये एक रात्र दाखवला होता. आणि 'सुपर ८'चा दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स शाळकरी वयात असताना त्याला आणि त्याच्या मित्राला स्पीलबर्गच्या ऑफिसने कामाला लावलं होतं, कशाला, तर स्पीलबर्गच्या लहानपणीच्या त्याच जुन्या फिल्म दुरुस्त करायला. त्या पोरांच्या हातात तो खजिना दिला कुणी आणि कुठल्या हिमतीने, देव जाणे.

एक गंमत आहे बघा. 'स्ट्रेंजर थिंग्ज' सुरू होते नोव्हेंबर १९८३ मध्ये, आणि ती बनवणारे डफर बंधू, जुळे, जन्मले फेब्रुवारी १९८४ मध्ये. म्हणजे ते ज्या काळासाठी उसासे टाकतायत तेव्हा ते आईच्या पोटात होते. मला आधी हसू आलं, मग म्हटलं आपण कुठे वेगळे आहोत, मी तर कॅलिफोर्नियाच्या त्या उताराच्या रस्त्यांसाठी हळवा होतो जिथे मी कधी गेलेलोच नाही, वॉकीटॉकी कधी हातात धरला नाही, आणि तरी तो खरखर आवाज आला की वाटतं, आहाहा, आमचे दिवस. कुठले आमचे दिवस? आमच्याकडे फोन शेजाऱ्यांकडे होता. पण एक गोष्ट मात्र सारखी होती, दुपारी चारला घराबाहेर पडलं की दिवेलागणीपर्यंत आपण नक्की कुठे आहोत हे जगात कुणालाही माहीत नसायचं. आता ही गोष्ट आजच्या काळात घडवायची म्हटली तर पहिल्या दहा मिनिटांत आई लोकेशन बघून जंगलात हजर होईल, म्हणून लिहिणारे बिचारे झक मारत मागे जातात.

माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला मध्यंतरी 'फ्लाईट ऑफ द नेव्हिगेटर' लावून दिला. ४ जुलै १९७८ ला डेव्हिड भावाला आणायला जंगलात जातो, एका घळीत पडतो, उठून घरी येतो तर दार अनोळखी लोक उघडतात. आठ वर्षं गेलेली असतात आणि हा अजून बाराचाच. मला अजूनही त्या दारापाशी पोटात गोळा येतो, पुढे यान येतं, बडबड्या कॉम्प्युटर येतो, ते सगळं ठीक आहे, पण भीती आहे ती त्या दारात. भाचीला दाराचं काही वाटलं नाही. ती अडकली पुढच्याच सीनला, त्याचा आठ वर्षांचा चिडका धाकटा भाऊ आता सोळा वर्षांचा होऊन समोर उभा राहतो तिथे. तिने पॉज केलं.

"मामा, मग आता दादा कोण?"

मी म्हटलं आधी जन्मला तो दादा. ती म्हणाली पण उंच तर हा आहे, आणि गाडी पण हाच चालवणार. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, जन्मदाखल्यावर असेल तो. भावोजी म्हणाले तसं नाही, व्यवहारात बघायला पाहिजे. पिक्चर तिथेच राहिला आणि जेवणं होईपर्यंत हा वाद चालला. भाचीला धाकटा भाऊ आहे, चार वर्षांचा, आणि तो हे सगळं फार लक्ष देऊन ऐकत होता. झोपायच्या आधी त्याने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की ती घळ नक्की कुठे आहे.